सगळ्या किडींवर एकच जालीम औषध का नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात तळमजल्यावरचं घर, मागे छोटीशी बाग. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी बसलंय, शेंडे आखडलेत, खालच्या पानांवर काळा थर आहे आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागलीय. स्वयंपाकघरात चिलटं उडतात, रात्री दिवा लावला की ओट्याखाली बारकी झुरळं पळतात. पहिल्या पावसानंतर मागच्या दाराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली, ती पुसून तुम्ही स्प्रे मारलात आणि थोड्या दिवसांत ती परत आली. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, मांजर आहे. गावाहून भावाने गव्हात ठेवायला गोळ्या पाठवल्यात. आणि या सगळ्यावर चालेल असं एकच जालीम औषध तुम्हाला हवंय.

असं औषध नाही. पण बाकीचं बाजूला ठेवून आधी त्या गोळ्यांकडे या, कारण तुमच्या यादीतली जिवावर बेतणारी गोष्ट ती एकच आहे.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आहेत. बाजारात सेल्फॉस, गावाकडे सल्फास म्हणतात त्या. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घ्यायला तो पुरतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात. हा वायू भिंतीच्या भेगांतून, पाइपाच्या खाचांतून शेजारच्या घरातही जातो. म्हणून ‘आम्ही कोठी वेगळ्या खोलीत ठेवू’ याला काही अर्थ नाही. कायद्यानेही या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत. सरकारी गोदामं आणि परवाना असलेले पेस्ट कंट्रोलवाले यांनीच, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली त्या वापरायच्या असतात.

डबी अजून फोडली नसेल तर फोडू नका. ती घराबाहेर, कोरड्या, उघड्या हवेच्या आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याच्या ताब्यात द्या. कचऱ्यात टाकायची नाही, मोरीत तर मुळीच ओतायची नाही, कारण पाणी लागलं की वायू एकदम सुटतो. गोळ्या आधीच गव्हात ठेवल्या असतील तर त्या शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना उठवा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येत असेल तर वायू सुटलेला आहे. पण वास आला नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. मळमळ, छातीत घट्टपणा, चक्कर यांतलं काहीही कुणाला झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी थांबू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि गोळीचं नाव सांगा.

आता गव्हाचं. गव्हात जे लांब सोंडेचे काळपट तपकिरी टोके दिसतात, त्यांची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबदार हवेत अंड्यापासून टोका बाहेर पडेपर्यंत सुमारे एक महिना जातो. त्यामुळे आज गहू चाळून, निवडून लख्ख केलात तरी महिन्याभराने टोके पुन्हा हजर होतात आणि आपण दुकानदाराला दोष देतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला नव्याने येणाऱ्या किडीला थोडंफार दूर ठेवतो, पण दाण्याच्या पोटात असलेल्या अळीचं तो काही करू शकत नाही. बोरिक पावडर चोळलेले तांदूळ आजही अनेक घरांत असतात. लहान मूल असलेल्या घरात तरी ते बंद करा. पाण्याने धुतल्यावर सगळी पावडर जाईलच याची खात्री नाही आणि खाण्याच्या वस्तूला ती लावावीच कशाला?

पावसाळ्यात ऊन नाही, त्यामुळे तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. थोडं धान्य, रवा, डाळी असतील तर घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. दाण्यातली अंडी-अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर दव धरून बुरशी येईल. गहू जास्त असेल तर घट्ट झाकणाची कोठी काठोकाठ भरा. आत मोकळी हवा जितकी कमी, तितकी कीड लवकर गुदमरते. अर्धी रिकामी कोठी रोज उघडत राहणं म्हणजे टोक्यांची सोय करणं. अख्ख्या मुगाला, चवळीला, हरभऱ्याला लागतो तो भुंगेरा वेगळा. तो दाण्यावर बाहेरून अंडी चिकटवतो. मूग तळहातावर घेऊन उजेडात बघा, खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. अख्ख्या कडधान्याला किलोमागे चमचाभर खाद्यतेल चोळून ठेवलं की अंडी नीट चिकटत नाहीत, चिकटली तरी बरीचशी उबत नाहीत. आपल्या आज्या डाळी-कडधान्यांना तेलाचा हात लावायच्या, त्यामागे हे होतं. दळलेल्या पिठात आणि रव्यात होणाऱ्या पोरकिड्यांना मात्र तेलाचा उपाय चालत नाही. तिथे कमी आणणं, फ्रीझर आणि डबा रिकामा झाला की धुऊन कडक वाळवणं, एवढंच.

एकच औषध का नाही, हे धान्यावरूनच लक्षात येईल. टोका दाण्याच्या आत असतो, तुमच्या जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण मेणाच्या आवरणाखाली असतो, झुरळ बिजागरीच्या फटीत, वाळवी जमिनीत. चारांपैकी एकालाही तुमचा फवारा भेटत नाही. भेटतात ते कोळी, पाल, लेडीबर्ड नावाचे छोटे भुंगेरे असे तुमच्या बाजूने लढणारे. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी औषधाचं नाव सांगण्याआधी तीन गोष्टी विचारते: ती नेमकी कोणती कीड आहे, ती खाते-पिते कुठे, आणि येते कुठून. यातलं एक जरी तोडता आलं तर निम्म्याहून जास्त वेळा औषध लागतच नाही.

चौकटीच्या बाबतीत आज फक्त एक काम करा. मातीच्या रेघेचा मधला दोन बोटं रुंदीचा तुकडा काडीने खरवडून काढा, बाकी रेघ तशीच राहू द्या. स्प्रे मारू नका. दोन-तीन दिवस थांबायचंय. ते का, ते शेवटी सांगते.

जास्वंदीवर जे आहे तो पिठ्या ढेकूण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेंडा मुठीसारखा आवळलेला आहे, पानं जाड आणि वेडीवाकडी झालीत. पिठ्या ढेकणाची जी गुलाबी जात जास्वंदीला लागते, तिच्या लाळेमुळे हे होतं. पांढरं पीठ बोटाने पुसलं की खाली गुलाबीसर, मऊ, जेमतेम तीन मिलिमीटरचं अंग दिसेल आणि चिरडलं तर गुलाबी रस निघेल. पांढरं दिसलं की सगळे ‘बुरशी आली’ म्हणतात आणि बुरशीनाशक आणतात. त्याचा इथे काडीचाही उपयोग नाही. तुमच्या नारळाच्या पानाखाली पांढऱ्या गोलगोल नक्षीसारख्या रेषा दिसल्या तर ती आणखी तिसरीच कीड, चक्राकार पांढरी माशी. ती भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा सापडली आणि आता आपल्या कोकणातही आहे. तिच्यावर घरी फवारणी न करणंच बरं. तिचे परजीवी शत्रू तिच्या मागोमाग येतात आणि आपण फवारलं की ते आधी मरतात.

पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि नको असलेली साखर चिकट पाण्यासारखी बाहेर टाकतो. हा चिकटा मुंग्यांचं आवडतं खाणं. मुंग्या त्याच्यासाठी पिठ्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्यावर येणाऱ्या शत्रूंना हुसकावून लावतात, पिल्लांना उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. चिकट्यावर मग काळी काजळी धरते आणि पान काळं पडतं. तुम्हाला ही तीन वेगवेगळी दुखणी वाटली, कुंडीवरच्या मुंग्या, पांढरा कापूस आणि खालच्या पानांवरचा काळा थर. ती एकच आहे. मुंग्यांची वाट तोडलीत तर अर्धी लढाई तिथेच संपते.

हे असं करा. आवळलेले शेंडे निरोगी फांदीच्या बोटभर आतून कापा आणि जागेवरच पॉलिथिनच्या पिशवीत भरा. कापलेली फांदी बागेतून हलवत नेली तर बारकी पिल्लं वाटेत गळतात. पिशवीचं तोंड बांधून ती कचऱ्यात द्या, कंपोस्टात नको. मग पाण्याच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू आणि फांद्यांचे बेचके धुवा. खोडाला बुंध्याजवळ चिकटपट्टीचा वेढा द्या आणि त्या पट्टीवर व्हॅसलिनचा जाड थर लावा. व्हॅसलिन थेट सालीला लावू नका. फांदी भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असेल तर तीही छाटा, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतील.

फवारणीआधी भिंग घेऊन दोन मिनिटं फांदी बघा. पिठ्या ढेकणांच्या मधोमध त्यांच्यासारखाच पांढरा, पण बराच मोठा, लांब लांब झालरी असलेला आणि चांगला तुरुतुरु चालणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलिमस या लेडीबर्डची अळी आहे आणि ती पिठ्या ढेकणांची अंडी खाऊन संपवते. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला. काडीने ढोसून बघा: पिठ्या ढेकूण जागचा हलत नाही, हलला तरी रेंगाळत, ही अळी मात्र पळते. आमच्याकडे येणारे किती तरी बागप्रेमी हिलाच ‘मोठा मिलीबग’, म्हणजे मोठा पिठ्या ढेकूण, समजून चिरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा, फक्त मुंग्या रोखा.

मित्रकीटकांचं बळ किती असतं याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं उदाहरण पपईचं आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडला. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची ही कीड, इथे तिला शत्रूच नव्हता. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद, काहीच सुटलं नाही. ती पुण्याकडच्या पपईच्या बागांतही पोचली. शेतकऱ्यांनी जहालातली जहाल औषधं मारली, कीड हटली नाही. मग २०१० मध्ये बंगळुरूच्या, शेतीच्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने प्युर्तो रिकोहून तिचे परजीवी आणले. त्यातला ॲसेरोफॅगस हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा, गांधीलमाशीच्या कुळातला कीटक सोडला गेला आणि काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. जिथे फवारण्या चालू राहिल्या तिथे मात्र त्याला टिकायला जागाच मिळत नाही.

मित्रकीटक नसतील आणि कीड असेल तर साधं साबणपाणी. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा भांडी घासायचा द्रव साबण, संध्याकाळी, पानाखाली आणि बेचक्यांत नीट भिजेल असं. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, कोवळी पानं करपली तर साबण अर्धा करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी तेलात साबणाचे थेंब घालून घोटा, मग हळूहळू पाणी घाला. दूधट रंग आला की जमलं. त्यावर तवंग दिसत असेल तर मारू नका, पानं जळतील. निंबोळ्या मिळाल्या तर ५० ग्रॅम गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून एक लिटर करा. हा निंबोळी अर्क तेलाहून मला जास्त आवडतो. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, म्हणून तोही संध्याकाळीच.

एका फवारणीने काम होत नाही. अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित असतात, त्यांना काहीच लागत नाही. त्यातून बाहेर आलेली पिल्लं पहिले काही दिवस मेणाशिवाय उघडी फिरतात, तेवढ्याच काळात ती मरतात. म्हणून सात-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा तरी फवारायला लागतं. आणि युरिया बंद. नत्र जास्त झालं की कोवळी, रसाळ फूट येते आणि रस शोषणाऱ्या प्रत्येक किडीला तेच हवं असतं.

मुंग्यांच्या रांगेवर स्प्रे मारला की रांग तेवढ्यापुरती नाहीशी होते आणि दुसरीकडून निघते, कारण राणी वारुळात मजेत असते. तिच्यापर्यंत जाणारं खाणं द्यावं लागतं. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा भाग, बोरिक पावडर. पावडर औषधाच्या दुकानातून घ्या. कॅरमची म्हणून मिळते तिच्यात आता बोरिकच असेल असं नाही. कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून बारीक भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवा आणि डबी रांगेच्या कडेला, मुलीचा आणि मांजराचा हात पोचणार नाही तिथे चिकटवा. डबीवर ‘विष’ असं लिहा. पहिल्या दिवशी मुंग्या वाढतील, घाबरू नका. त्या खाणं घरी नेतायत. पावडर जास्त घातली तर लवकर मरतील असं वाटतं, पण मग त्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. स्वयंपाकघरातल्या बारक्या लालसर मुंग्या साखरेला विचारत नसतील तर खोबऱ्याचा कीस ठेवून बघा. त्या तेलकटावर जाणाऱ्या असतील तर आमिषही तसंच लागेल.

चिलटांचं औषध विचारण्याआधी ती कुठली चिलटं आहेत ते बघा. तीन प्रकार असतात आणि तिघांचं घर वेगळं. केळ्यावर, आंब्याच्या कोयीवर, ओल्या कचऱ्यावर घुटमळणारी, लालसर डोळ्यांची, पिवळट तपकिरी ती फळमाशीची जात. फळं झाकली, कचरा रोज रात्री बाहेर गेला आणि वाटीत व्हिनेगर व साबणाचा थेंब ठेवला की आठवड्यात संपतात. भिंतीवर पंख पसरून बसणारी, केसाळ, बदामाच्या आकाराच्या पंखांची, उडताना अडखळणारी ती मोरीतली. तिसरी सडपातळ, काळी, लांब पायांची. ती कुंडीला धक्का लागला की मातीतून उडतात.

मोरीतली असतील तर रात्री जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी उलटी लावा, हवेला थोडी फट ठेवून. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसतील. त्यांच्या अळ्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. उकळतं पाणी किंवा ॲसिड त्या थरावरून वाहून जातं, अळ्या राहतात. लांब दांड्याच्या ब्रशने तो थर खरवडून काढणं हाच उपाय आहे आणि तो कंटाळवाणा असला तरी हमखास लागू पडतो. कुंडीतली असतील तर कोकोपीट सतत ओलं राहतंय. बटाट्याची चकती मातीवर ठेवा, दोन-तीन दिवसांनी उचला, खाली काळ्या डोक्याच्या बारीक पांढऱ्या अळ्या दिसतील. वरचा दोन बोटं थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका आणि पिवळी चिकट पट्टी कुंडीत खोचा. पावसाळ्यात घरातल्या कुंड्यांना आपण जरुरीपेक्षा फार पाणी घालतो.

कुंड्यांखालच्या ताटल्याही याच फेरीत बघा. डेंग्यूचा डास त्यांतच वाढतो, त्याला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका, कडा घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात.

ओट्याखालची बारकी, मानेवर दोन काळ्या उभ्या पट्ट्या असलेली झुरळं मोरीतून येत नाहीत. मोरीतून येतं ते मोठं, लालसर. ही बारकी घरातच राहतात: ट्रॉलीच्या रुळामागे, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या बुडाशी, जिथे ऊब आणि ओल दोन्ही असतात. मादी तीसचाळीस अंड्यांची पिशवी पोटाला लावूनच फिरते. स्प्रेने ती फटीत आणखी आत जाते किंवा शेजारच्या खोलीत. इथे झुरळांसाठीचं जेल वापरा, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं, मसुराच्या डाळीएवढे ठिपके बिजागऱ्यांच्या आत आणि फटींत. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा वीस छोटे ठिपके बरे. जेल खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि कलेवर इतर झुरळं खातात आणि तीही मरतात. पण जेलच्या आसपास स्प्रे, फिनेल, विषारी खडू काहीही लागलं तर झुरळ त्या बाजूला फिरकत नाही आणि पैसे वाया. रात्री सिंक कोरडं पुसून झोपा. खाण्यावाचून ती बरेच दिवस काढतात, पाण्यावाचून नाही.

कुठलंही औषध घ्याल तेव्हा वेष्टनावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल किंवा पिवळा त्रिकोण घरात येऊच देऊ नका. डायक्लोरव्हॉसवर, म्हणजे पुष्कळ घरांत ढेकणांसाठी वापरल्या गेलेल्या त्या उग्र वासाच्या औषधावर, २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुनी बाटली माळ्यावर असेल तर ती वापरू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या शेतात ही गत होते, तर बंद खोलीत दीड वर्षाच्या मुलीजवळ काय होईल याचा विचार करा. ती जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते. मांजर अंग चाटतं. परमेथ्रिन नावाचं औषध माणसाला आणि कुत्र्याला फारसं बाधत नाही, पण मांजराला झटके आणून मारू शकतं. पेस्ट कंट्रोलवाल्याला घरात मांजर आहे हे आधी सांगा.

आता चौकट. तुम्ही काढलेला तुकडा दोन-तीन दिवसांत पुन्हा मातीने भरला गेला, किंवा फुटलेल्या जागी पांढुरके, मऊ अंगाचे कामकरी धावताना दिसले, तर वाळवी चालू आहे. भरला नाही तर ती वाट सोडलेली असू शकते, पण वाळवी दुसरीकडे गेलीय की कसं, ते सगळ्या चौकटी वाजवून बघा. पोकळ वाजेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत जाईल. मातीऐवजी चौकटीखाली पिठासारखा भुसा आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असती तर तो लाकूड पोखरणारा भुंगा, त्याचा उपचार लाकडातच होतो. वाळवीचा तसा होत नाही, कारण तिचं घर लाकडात नाही. ते जमिनीत आहे, कदाचित तुमच्या बागेत, कदाचित शेजारच्या कंपाउंडमध्ये. तिचं अंग उघड्या हवेत सुकतं म्हणून ती मातीचा बोगदा बांधून येते. रेघ पुसून स्प्रे मारलात तेव्हा वाटेवरचे कामकरी मेले, राणीला पत्ताही लागला नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ते वाळवीचे की मुंग्यांचे, हेही बघून ठेवा. चारही पंख सारखे लांब आणि कंबर जाड तर वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक तर मुंगी. घराच्या आत, खिडक्या बंद असताना पंखांचा सडा पडला असेल तर वारूळ घराला अगदी लागून आहे.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याआधी तुमच्या हातातलं करा. बागेची माती मागच्या भिंतीला टेकवून चढवलेली असेल तर ती जोत्याच्या खाली उतरवा. भिंतीशी रचलेली लाकडं, पुठ्ठ्याची खोकी हलवा. चौकटीमागे बाथरूमची भिंत असेल तर गळती शोधा, ओलं लाकूड वाळवीला फार आवडतं. मग माणूस बोलवा, हे काम घरी करायचं नाही. चौकटीला नुसतं तेल किंवा औषध चोळून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याला परत पाठवा. बांधून झालेल्या इमारतीत वाळवीवर काय करायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फुटा-फुटावर बोटभर जाडीची भोकं पाडून, जमिनीखालच्या मातीपर्यंत औषध मुरवून भोकं बुजवायची.

त्याला हे विचारा: औषध कोणतं, किती प्रमाणात मिसळणार, एका भोकात किती ओतणार, डबा माझ्यासमोर उघडणार का. वाळवीला ज्याचा वास येतो ते औषध ती टाळते आणि जिथे थेंब पडला नाही त्या फटीतून येते. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलचा तिला सुगावा लागत नाही, ती त्यातून चालते आणि एकमेकींना भरवताना-चाटताना ते पुढे देते. म्हणून मी या दोहोंपैकी एक मागायला सांगते. काम चालू असताना आणि भोकं बुजवून जमीन सुकेपर्यंत मुलगी आणि मांजर दुसऱ्या घरी ठेवा. बागेच्या बाजूने भोकं पाडणार असतील तर तुळस, मेथी, कढीपत्ता अशा खायच्या झाडांच्या कुंड्या भिंतीपासून लांब न्या. सोसायटीत विहीर किंवा बोअरवेल असेल तर तिचं अंतर आधी दाखवा. वॉरंटीच्या कागदावर औषधाचं नाव, प्रमाण आणि भोकांची संख्या लिहून घ्या, आणि पुढच्या जूनमध्ये पाऊस पडला की त्याला एकदा फुकट तपासणीला यायला लावा.